कॅमेऱ्याने मान वळवली तेव्हा

प्रिय ललित,

पाकीट बघून आधी हसशील. अकोल्याच्या कॉलेजात पोरांना नेटवर्किंग शिकवणारी ताई कागद-पेन घेऊन बसली म्हणून. हस बापा. मला मात्र रविवारपासून हसू येत नाही.

रविवारी अमरावतीला आईकडे गेले होते. संध्याकाळी तिने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं, केस विंचरले, बुद्धवंदना आटोपली आणि ताट वाढून पलंगावर तू लावलेल्या कॅमेऱ्यासमोर बसली. कोणाच्या लग्नाला निघालीस, म्हणून मी चिडवलं. तेवढ्यात कॅमेऱ्याने मान वळवली आणि तो नेमका तिच्यावर थांबला. आईचा चेहरा फुलला. "पाह्य व दीपा, ललित आला. बोलाले त्याले टाइम नाई भेटत, पन रोज पाह्यते. जेवला का रे बापू?" असं म्हणत तिने वांग्याची भाजी उचलून तुला दाखवली.

मी कौतुकाने तुला फोन लावला. तू पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेला. म्हणालास, "कोणता कॅमेरा? ते ॲप तर मी उन्हाळ्यातच काढून टाकलं." तू हे बोलत होतास आणि आई पाणी घ्यायला उठली, तर कॅमेरा तिच्या मागे मागे वळला. मी फोन कापला, तो त्यामुळे.

अंगणात जाऊन माझ्या मोबाइलच्या नेटवरून आपल्या घरच्या कॅमेऱ्याचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, तपासला. उघडा होता. बाहेरून दिसावं म्हणून तू उघडलास, तोच. पासवर्डही कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापून आलेला, तोच. नंतर बदलतो म्हणालास आणि गाडी पकडायला पळालास. तोच पासवर्ड टाकून मी कॅमेऱ्यात शिरले. मोबाइलवर बाबांचा फोटो दिसला, आईचा पलंग दिसला. ती त्याच खोलीत निजते, ललित. तिथेच लुगडं बदलते. कोण पाहत होतं, कधीपासून, काहीच कळायला मार्ग नाही. मला भडभडून आलं, आणि तुझा असा राग आला की तू समोर नव्हतास तेच बरं.

पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलला, बाहेरून परत तपासलं. कॅमेरा पलंगासमोरून काढून बैठकीत लावला. आता आत यायला एकच वाट आहे, व्हीपीएनची, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीची, आणि ती फक्त तुझ्यासाठी. दुरुस्ती केली, एवढंच आईला सांगितलं. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही, तूही सांगू नकोस.

पण काल तिचा फोन आला. ती अजून रोज नवं लुगडं नेसून बैठकीत ताट घेऊन बसते. "दीपा, ललित आता माह्याकडे मान वळवत नाई व. मी काई वावगं बोलली का त्याले?" तुझा व्हीपीएनचा पासवर्ड मागच्या बाजूला लिहिला आहे. फोनवर पाठवायचं धाडस होत नाही, म्हणून हा कागद. संध्याकाळी तिची वंदना झाली की कॅमेरा उघड आणि एकदा तिच्याकडे वळव. तिच्याकडे रोज पाहणारा तू नव्हतास, हे तिला कधी कळायला नको. ललित कामात आहे, येईल, असं मी तिला सांगितलं आहे. आता ये.

तुझीच,
दीपाताई