बगळ्यांची बहीण

४ जानेवारी २०२५
तेजलने कादंबरी लिहिली! माझ्या नातीने! दोनशे दहा पानांची चळत मांडीवर आणून टाकली. "आजी, यंग अ‍ॅडल्ट फँटसी आहे." म्हणजे काय गं? "अगं, कॉलेजातल्या पोरांची परीकथा." बरं बाई.

मूळ गोष्ट मीच तिला लहानपणी सांगितलेली. सात भाऊ शापाने बगळे होतात. बहिणीने त्यांच्यासाठी सात शेले विणायचे, आणि सातवा पुरा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. लोकांनी नाही ते आळ घेतले तरी नाही! हिच्या गोष्टीत उडतं शहर आहे आणि बगळ्यांचे पंख पेटतात. असू दे.

एकतीस तारखेला प्रकाशकाकडे द्यायचीय. "मागाचं काही चुकलं असेल तर पेन्सिलने खूण कर. मला काय कळतंय त्यातलं!"

५ जानेवारी
बावीस पानं. डोळे चुरचुरले. पण पोरगी लिहिते छान.

८ जानेवारी
सापडली चूक! ती बहीण मागावर बसून भाकरी खाते. आमचा माग जमिनीलगत, पाय खाली खड्ड्यात. खड्ड्यात तुकडा पडला की उंदीर आलाच, आणि त्याला रेशीम काय नि सुतळी काय. ठळक खूण केली.

मग एकटीच हसले. येवल्याच्या घरी हा उद्योग माझाच. आई पैठणी विणता विणता ओरडायची — "सुले, खड्ड्यात भाकरी कोणी नेली?" धाकटी आशा लगेच म्हणायची, "आई, मी खाल्ली." तिने कधी खाल्ली नव्हती.

११ जानेवारी
पान एकशे ऐंशी. शेवटी ती बहीण सगळा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कापून माग मोकळा करते. छे! माग कोणी मोकळा करतं का? जुन्या ताण्याचं शेपूट ठेवायचं, नव्याचा एकेक धागा त्याला सांधायचा. तेजलला सांगितलं तर म्हणाली, "मग आशाआजीने का कापला?"

उठून स्वयंपाकघरात गेले.

आता लिहितेच. चौदा वर्षांपूर्वी मी माहेरी गेले होते. आईच्या शेजारी बसून विणत होते. आईला एकाएकी घाम फुटला, तशीच उचलून नाशिकला दवाखान्यात आणली. तेविसाव्या दिवशी ती गेली. येवल्याला गेले तर माग रिकामा! आमच्या दोघींच्या हातची अर्धी पैठणी आशाने कापून काढलेली. का, विचारलं. नुसती मान खाली. मी म्हटलं, "तू आईलाच कापलंस."

त्यानंतर तिच्या उंबऱ्यात पाय नाही, फोन नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तेजल येवल्याला गेली. मागाचा आवाज ऐकायचाय म्हणे. आशासाठी तिळाच्या लाडवांचा डबा भरला होता. दिला नाही.

१६ जानेवारी
तेजल आली. "कशी आहे?" — माझ्याच तोंडून निघून गेलं. "गुडघे दुखतात तिचे. आजी, ती मागावर उजवीकडेच बसते. डावीकडे फडकंसुद्धा ठेवू देत नाही." एवढं बोलून लिहायला बसली. शेवट बदलायचाय म्हणे.

डावीकडे मी बसायचे.

२४ जानेवारी
नवा शेवट वाचला. बहिणी आता दोन केल्यात. धाकटी ताणा कापतेच! पेन्सिल उचलली, तेवढ्यात पुढचं पान लागलं.

थोरली आजारी आईला घेऊन वैद्याकडे धावते. घाईत तिचं भाकरीचं फडकं मागाच्या खड्ड्यात राहतं. धाकटी बाजाराहून येते तोवर उंदरांनी ताण्याची चाळण केलेली. ती सगळं कापते, जाळते. थोरलीला कळू नये म्हणून. थोरली आळ घेते. धाकटी बोलत नाही.

तेजलला हाक मारली. हे कुठून सुचलं गं?

ती पायाशी येऊन बसली. "सांगणार नाही असं वचन दिलंय मी तिला. लिहिणार नाही असं नव्हतं दिलं."

माझं भाकरीचं फडकं निळ्या काठाचं होतं. आई दवाखान्यात असताना मी ते पिशव्यांतून, खाटेखाली शोधलं होतं. कुठे पडलं म्हणून!

पेन्सिल ठेवून दिली. त्या पानावर खूण नाही.

२५ जानेवारी, येवला
पहिली गाडी. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी अर्धा तास खाल्ला. आशा मागावर होती. वर न बघता म्हणाली, "आक्का, चपला बाहेर." चपला काढल्या, डावीकडे बसले, पाय खड्ड्यात सोडले. म्हटलं, "आशे, ती भाकरी माझी होती गं."

तिचा हात थांबला नाही.

"नाय. मीच खाल्ली."