तिसरीबद्दल लोकांची मतं

५ ऑक्टोबर, रविवार

अमरावतीच्या त्या खुनांवरच्या मालिकेचा तिसरा भाग आला. बुधवारी अन् रविवारी येते. त्यात मी आहे!

नाव नाही. चेहरा धूसर केलाय. कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो — मधे ललिता, डावीकडे करिश्मा, उजवीकडे हिरव्या ओढणीतली मी. खाली अक्षरं: ‘तिसरी मैत्रीण. दसऱ्याच्या दोन दिवस आधी अचानक गावी निघून गेली.’

अचानक! माळ्याच्या घरची मुलगी तेव्हा गावी नाही जाणार तर कधी जाणार? सगळा झेंडू दोन दिवसांत तोडायचा असतो. घरात जितके हात तितके वावरात लागतात. मालिका काढणाऱ्यांपैकी एकालाही हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

सासूबाई शेजारच्या रुख्मिणीकाकूंना बोलावून टीव्हीवर बघतात. आज म्हणाल्या, “त्या तिसरीलेच सारं मालूम असन. पाय कशी बरोबर पयाली!” मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पाणी जास्त पडलं.

६ ऑक्टोबर

ती हिरवी ओढणी आपल्या दुकानात आहे. ओली करून फुलांच्या टोपलीवर टाकतो आम्ही. अकरा वर्षांत फाटत कशी नाही! आज गुपचूप काढली आणि मोर्णा नदीच्या पुलावरून टाकून दिली. शेखर दुपारभर शोधत होता. “टोपलीवरचं फडकं कुठी गेलं व?” नवऱ्याशी खोटं बोलले — गाईनं ओढलं.

८ ऑक्टोबर

या वहीत हे मी कधीच लिहिलं नाही. आता लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

अमरावतीत भाड्याची खोली. आम्ही तिघी. मी दुपारच्या एसटीनं बाळापूरला, माहेरी निघाले आणि त्या संध्याकाळी ललिता अन् करिश्माला कुणीतरी मारलं. कुलूप तोडलेलं नव्हतं. तीन चाव्या आम्हा तिघींच्या, चौथी घरमालकीण माणिकबाईंकडे. म्हणून त्यांचा मुलगा अमोल पकडला गेला. जन्मठेप झाली. अजून आत आहे.

पोलिसांना मी म्हटलं, माझी चावी माझ्याजवळच होती.

नव्हती. दारातल्या कोरफडीच्या कुंडीखाली होती. बाबांनी अमरावतीच्या बाजारात फुलं विकून रिकामी कॅरेट आमच्या खोलीत ठेवली होती. धर्मेंद्र, माझा भाऊ, तेव्हा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात होता. त्याच दिवशी घरी येताना तो कॅरेट घेऊन येणार होता. मुली कॉलेजला गेल्या असल्या तर? म्हणून फक्त त्यालाच सांगितलं होतं, कुंडीखाली चावी आहे.

तो गेलाच नाही. “उशीर झाला, कॅरेट गावातल्या खुशालरावच्या घरून आणले,” म्हणाला. मी पोलिसांबरोबर खोलीवर गेले तेव्हा कुंडीखाली चावी होती तशीच. गुपचूप उचलली. म्हणजे कुणी वापरली नव्हती. म्हणजे सांगायची गरज नव्हती. शिवाय बाबा वाटेत म्हणाले होते, “पोरीच्या खोलीवर माणूस धाडला म्हनून बोलतीन लोक. चूप राय.” राहिले चूप.

बाबांनी शिक्षण बंद केलं, पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावलं. सासरी कुणाला काही माहीत नाही.

९ ऑक्टोबर

मोबाइलवर मालिकेच्या खाली लोकांची मतं येतात. मी वाचते. भाजी फोडणीला टाकून वाचते, गिऱ्हाईक सुट्टे शोधतं तेवढ्यात वाचते.

‘तिसरीला उचला, सगळं बाहेर येईल.’ ‘नेमकी त्याच दिवशी गावाला? वा!’ ‘लिहून घ्या, तीच सामील आहे.’ ‘संगीत मस्त, पण चौथा भाग रेंगाळतो. पाचपैकी चार तारे.’

ललिताच्या मरणाला चार तारे! ती गेली तेव्हा वीस वर्षांची होती. मी निघताना पिशवीभर झेंडू तिच्याजवळ ठेवला होता, दाराला तोरण कर म्हणून. “मले नाई येत व तुह्यासारखं!” म्हणत होती. सुईत दोरा ओवून दिला, पहिली चार फुलं ओवून दाखवली. नंतर खोलीत गेले तेव्हा खाटेखाली अर्धं तोरण पडलं होतं, सुई तशीच लटकलेली. पंचनामा होऊन गेला होता. फुलांकडे कोण बघतो? मी ते पिशवीत घातलं. घरी विहिरीजवळ पुरलं. यातलं कुणालाच सांगितलं नाही. मालिकेतही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाचव्या भागात माणिकबाई. ओळखूच आल्या नाहीत. पार वाळून गेल्यात. “चावी माह्या कमरेले होती दिवसभर. माह्या अमोलनं चावीले हात नाई लावला.” एवढंच तीन वेळा म्हणाल्या.

मतं: ‘आईच ती, दुसरं काय बोलणार.’

आणि कुंडीखालची चावी रस्त्यावरच्या कुणाला सापडली असेल तर? वापरून परत ठेवली असेल तर? हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं असं लिहिणार होते. खोटं आहे. सुचलं होतं. झोपेतसुद्धा सुचलं होतं.

१३ ऑक्टोबर

एक जण माझ्या बाजूनं बोलतोय! ‘काळी माती’ नावानं. ‘ती फुलं तोडायले गेली होती. माळ्याच्या घरी दसरा कसा असते, तुमाले काय मालूम?’ दुकानातच रडले. कुणी तरी आपल्यातलाच असेल, पातूरचा नाहीतर बाळापूरचा. देव त्याचं भलं करो. त्याची मतं फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवतेय. फार घाबरले की बघते.

१५ ऑक्टोबर

धर्मेंद्रला फोन केला. चावीचं पोलिसांना सांगावं का, विचारलं. एकदम ओरडला. “अकरा वर्षाचं काहून उकरून राहिली गीते? सासरी समजलं त उभं करतीन का तुले? पायनं बंद कर ते!” मग आवाज उतरला. “भाऊबीजेले येतो. बारा वाजता. मंग बोलू.”

माझीच काळजी करतो बिचारा.

१७ ऑक्टोबर

सासूबाई हार ओवता ओवता म्हणाल्या, “तिसरीचं लगन झालं असन आता. नवऱ्याले सांगतलं असन का व तिनं?” माझ्याकडे बघून म्हणाल्या की सहज? सहजच असणार. हातातला हार चुकला. पुन्हा उसवला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुकान लवकर बंद करून लिहितेय.

सकाळी कुणीतरी लिहिलं, ‘तिसरीनेच चावी खुन्याला दिली.’ त्यावर ‘काळी माती’चं उत्तर आलं. नेहमीसारखा आधी फोटो काढून ठेवला — चांगलं मत म्हणून! दुपारी निवांत वाचलं.

‘तिनं चावी कोनाले देली नाई. कॅरेट न्यायसाठी कुंडीखाली ठेवली होती. ललितासाठी फुलं ठेवून गेली होती बिचारी. अर्धंच तोरण झालं होतं. अशा पोरीले बदनाम करता?’

पुन्हा उघडून बघितलं. पुसून टाकलेलं. माझ्या मोबाइलमध्ये मात्र आहे.

चावीचं मी एकालाच सांगितलं होतं. आणि तोरण? तो तर गेलाच नव्हता! उशीर झाला होता ना? कॅरेट खुशालरावांची ना?

“ललिता येईन का दसऱ्याले आपल्या घरी?” त्या महिन्यात किती वेळा विचारलं होतं त्यानं. मी हसायचे. चिडवायचे त्याला.

२० ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. सुई दोनदा बोटात गेली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

माझा भाऊ आहे तो. मला कडेवर घेऊन धुऱ्यानं, वावराच्या बांधावरून फिरवायचा. मी पहिल्यांदा कॉलेजला निघाले तेव्हा त्यानं पगारातून कपड्यांची पेटी घेऊन दिली होती.

आणि माणिकबाईंनी अकरा दिवाळ्या कशा काढल्या असतील?

पूजा झाल्यावर शेखरला सगळं सांगितलं. मी तिसरी, इथपासून. त्यानं समईची वात सारखी केली. मग म्हणाला, “मायले मी सांगतो. तू तुह्यं पाय.” म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताट तयार आहे. पाट मांडला. धर्मेंद्रचा फोन आला, बारा वाजता पोचतो म्हणाला. काल अमरावतीला माणिकबाईंना फोन केला होता. त्यांनाही बाराचीच वेळ दिली आहे.