तो फोटो तुमचा नाही, यशवंतभाऊ

प्रिय यशवंतभाऊ,

तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, आणि तुमच्या नावाने स्पर्धा निघाली आहे! अमरावतीत चौकात फ्लेक्स लागलाय. वर तुमचा चष्म्यातला चेहरा, त्याच्याखाली अंगावर झेपावणारा सुरय पक्षी. चोच उघडी, पंख ताणलेले, नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत: ‘छायाचित्र – कै. यशवंतभाऊ’. ‘कै. नको, स्मृतिशेष लिहा,’ असं वैनींनी दोनदा सांगितलं होतं. आपल्या छायाचित्रकार मंडळाने तुम्हाला कैलासाला पोचवलंच.

पण माझं दुखणं त्या ‘कै.’चं नाही. तो फोटो तुमचा नाही, माझा आहे. तो कसा निघाला हे, एक डोंगेवाला सोडला तर, तुम्हाला माहीत होतं आणि मला. तुम्ही गेलात. उरलो मी, आणि मला तर फ्लेक्सवरून चक्क मुक्त केलंय. म्हणून हे पत्र.

आपली ओळख आठवते? मी चांदूर रेल्वेला सासुरवाडीला आलो होतो आणि पासपोर्टच्या फोटोसाठी तुमच्या स्टुडिओत शिरलो. तुम्ही माझी हनुवटी दोन बोटांनी वळवलीत. ‘मास्तर, हालू नका. तोंड बंद ठेवा.’ मी म्हटलं, तोंड बंद ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही, अकोल्याच्या कॉलेजात शिकवतो आणि पेपरात लोकांची टिंगल करतो. ‘मंग फोटो बोलका येईन, पण वाकडा येईन,’ तुम्ही म्हणालात. आला तसाच. अजून पासपोर्टवर आहे.

भिंतीवर नवरदेव-नवरींच्या रांगेत एकच फोटो वेगळा होता. वाळूच्या खळग्यात बसलेला राखाडी-पांढरा पक्षी, काळी टोपी, पिवळी चोच, आणि शेजारी मासा घेऊन उभा असलेला नर. मी विचारलं, समुद्रावरचा का? तुम्ही चिडलात. ‘समुद्र कायले पाह्यजे? मोर्शीच्या धरणावरचा हाये. कोकणातले लोकं लय दाखवतात आमाले, समुद्रावरची वस्ती पाहा म्हणून. आता आमच्या धरणात मीठ टाकू काय?’

त्या उन्हाळ्यापासून मी तुमच्या मागे लागलो. धरणाचं पाणी उतरलं की मधला टापू उघडा पडतो आणि त्यावर सुरयांची वस्ती बसते. उघड्या वाळूत अंडी, ना काडी ना पान. सुकदेव भोई आपल्याला डोंग्यातून न्यायचा आणि टापूपासून लांब, तुम्ही ठरवलेल्या जागी डोंगा थांबवायचा. वैनींनी तुरीचे दाणे भरून शिवलेली पिशवी तुम्ही डोंग्याच्या काठावर ठेवायचे, त्यावर लेन्स, आणि मग बसायचं. किती कंटाळा यायचा मला!

माझा कॅमेरा पक्ष्यामागे पळायचा आणि आभाळाचे फोटो काढून आणायचा. तुम्ही हसायचे. ‘त्याच्या मांगं पळू नका, मास्तर. मासा घेऊन तो दरवेळी त्याच बाजूनं उतरते, वाऱ्याच्या तोंडावर. तो जिथं येणार तिथं आपण आधीच जाऊन बसाचं.’ आणि खरंच तो तिथेच यायचा! तुमचं बोट एकदा हालायचं. माझं चाळीसदा.

दोन कायदे होते तुमचे. टापूवर पाय ठेवायचा नाही. आणि नऊच्या आत परत फिरायचं. ‘काहून?’ मी एकदा तुमच्याच बोलीत विचारलं. तुम्ही बोट दाखवलंत. एक मादी पाण्याला पोट लावून आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. ‘आपल्याले कूलर हाये. अंड्याले तेच हाये. ते उठलं का अंडं शिजलं.’

हे सगळं मला माहीत होतं, भाऊ. अडाणीपणाची सवलत मला नाही.

गेल्या वर्षीच्या त्या सकाळी तुम्ही डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला बसून सुकदेवशी बोलत होता. डोंगा वाऱ्याने टापूजवळ सरकला होता. मंडळाच्या स्पर्धेची तारीख जवळ आली होती आणि माझ्याकडे बसलेल्या पक्ष्यांचा ढीग होता. मला हवा होता अंगावर येणारा. तो लांबून मिळत नाही. तो आपण त्याच्या घरात घुसलो तरच मिळतो. मी उतरलो. गुडघाभर पाणी होतं, बस.

सगळी वस्ती एकदम उठली. काय आवाज तो! डोक्यावर झडप, पुन्हा वर, पुन्हा झडप. मी कॅमेरा उभा धरून काढत सुटलो. तुम्ही मागून ओरडत होता, ‘मास्तर, वापस या! सावली उठली ना त्याइची! वापस या!’ मी हात वर केला, एक मिनिट म्हणून. नंतर कॅमेऱ्यातली वेळ पाहिली. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत चाळीस मिनिटं. दहा वाजून गेले होते.

परत आलो तेव्हा तुम्ही लेन्सला झाकण लावलंत. सुकदेव मात्र म्हणाला, ‘सर, तुमी तं पेपरात आमदाराले बी सोडत नाही.’ मी हसलो. तो हसला नाही.

तीन आठवड्यांनी आपण शेवटचे गेलो. बाकीची पिल्लं वाळूत तुरुतुरु पळत होती. मी उभा होतो तिथली मादी मात्र अजून बसून होती. उठायची, पोट भिजवून आणायची, पुन्हा तीन अंड्यांवर बसायची. तुम्ही दुर्बीण माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, ‘पाहा.’ एवढंच. मी पाहिलं, आणि दुर्बीण परत दिली, बिल न भरता परत करावं तशी.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या भाषणात ‘मातृत्वाचा आवेश’ असे शब्द होते, देवा! कुणी विचारलं, सर, लोकेशन? आणि मी, टाळ्यांच्या भरात, टापूची वाटसुद्धा सांगून टाकली. तुम्ही शेवटच्या रांगेत होता. जाताना म्हणालात, ‘फोटो शार्प आला, मास्तर.’ नंतर फोन नाही. मीही केला नाही. दिवाळी गेली, आणि थंडीत एका सकाळी स्टुडिओचं शटर वर करता करता तुम्ही तिथेच बसलात आणि संपलात.

हे बरोबर केलंत का तुम्ही? शिव्या द्यायच्या ना! माझ्या लेखातल्या एका काना-मात्रेवरून तासभर वाद घालणारा माणूस तुम्ही, आणि तीन अंड्यांवर गप्प? त्या ‘शार्प’वर मी आठ महिने जगलो. तुम्ही मोकळे झालात आणि मला उत्तर देण्याची सोयही ठेवली नाहीत.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी मागे उभा राहिलो. पुढे बसायची हिंमत नव्हती.

आणि आता ही स्पर्धा. ‘झेप’ नाव ठेवलंय. येत्या रविवारी सकाळी धरणावर उद्घाटन, मग दहा बोटींतून टापू. फक्त उडत्या पक्ष्यांचे फोटो चालतील. बसलेल्यांना प्रवेश नाही! उद्घाटक कोण? मी.

मंडळाच्या सचिवांना फोन केला. म्हटलं, तो फोटो माझा आहे. ते म्हणाले, ‘माहीत आहे ना सर. पण भाऊंचे सगळे पक्षी बसलेले! बॅनरले जान पाह्यजे ना. तुमचाच टाकला त्यांच्या नावानं. श्रद्धांजली समजा.’ म्हटलं, स्पर्धा रद्द करा, अंडी आहेत सध्या. ‘म्हणून तं आता ठेवली, सर. अंडी असली का पक्षी जास्त उडतात. हे तुमच्याच भाषणात ऐकलं आमी.’

सांगा, यावर काय लिहू? मी ज्यांच्यावर लिहितो ती सगळी माणसं एका बाजूला आणि माझं एक भाषण एका बाजूला.

परवा वैनींकडे गेलो. नांदगाव पेठेला मुलीकडे असतात आता. चहा ठेवला आणि विचारलं, ‘मास्तर, त्या दिवशी टापूवर काय झालं होतं? हे घरी आले तं जेवलेच नाही. मले काईच सांगितलं नाही.’ म्हणजे तुम्ही घरीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं! मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला. ‘मंग हे मले सांगून काय होते? मी काय सुरय हावो?’ आत गेल्या आणि तुरीची पिशवी आणून दिली. ‘घेऊन जा. पोरगी डाळ करून टाकीन त्याची.’

घरी येऊन मूळ फोटो उघडला. फ्लेक्सवर आहे तो कापलेला. उभ्या फोटोचा खालचा भाग मीच कापला होता, स्पर्धेला पाठवायच्या आधी. तिथे, जरा धूसर, माझ्या बुटाचं टोक आहे आणि त्यापासून वीतभर अंतरावर तीन अंडी. कापताना मी ती पाहिली होती, भाऊ. तेव्हा वाटलं होतं, चौकट स्वच्छ होते.

अख्खा फोटो छापून घेतलाय. फ्लेक्सएवढाच मोठा. रविवारी फीत कापायच्या आधी तो उलगडणार आहे आणि माइकवर सांगणार आहे, छायाचित्र माझं, बूट माझा, आणि त्या अंड्यांतून काही निघालं नाही. पुढच्या रविवारच्या सदरात तोच फोटो असेल, त्याच शब्दांसह. सुकदेव डोंगे देणार नाही म्हणालाय, पण मंडळ मोटारबोटी आणणार आहे. ‘पाण्यात उतराले एकच जागा हाये, सर,’ त्याने सांगितलं. बाकी चिखल.

फीत आणि माइकही तिथेच असणार. त्या जागेवर मी सकाळी सहापासून बसेन. पुढ्यात तुमची तुरीची पिशवी. कॅमेरा घरी. सचिव येतील, टी-शर्ट घातलेले स्पर्धक येतील, समजावतील, हसतील, कुणी उचलायलाही बघेल. ऊन चढेल.

हे वचन उशिरा देतोय, पण शब्द तुमचेच वापरतो. हालणार नाही.

तुमचा,
मास्तर