दहा हजार सात पुडे

बाबा, आज वर्गात मूळ संख्या शिकवताना नेहमीसारखी दहा हजार सात ही संख्या फळ्यावर लिहिली आणि मुलींना म्हटलं, हिला भाग लावून दाखवा. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आलापल्लीकडचा आपला फड होता. उन्हाळ्यात बाया जंगलातून तेंदूपत्त्याचे पुडे बांधून आणायच्या आणि फडाचे मुन्शी म्हणून तुम्ही ते सारख्या ओळींत वाळत घालायचात. ठेकेदाराचा माणूस नुसत्या दोन बाजू मोजायचा, गुणाकार करायचा आणि निघायचा. अपुरी ओळ दिसली की मात्र वाद घालत बसायचा, म्हणून तुम्हाला ती अजिबात खपायची नाही.

त्या सकाळी शंभराच्या शंभर ओळी लागल्या आणि सात पुडे उरले. मी सातवी पास होऊन घरी बसलेली, चांद्याच्या शाळेत जायचं म्हणून हटून. मी म्हटलं, "बाबा, हे कोणत्याच सारख्या ओळीत बसत नाई. मी सकाळपासून पाहून राह्यली."

तुम्ही हसलात. "इतके पुडे, आन् बसत नाई? काऊन? मले एक मांडणी सापडली तं तू इथीच राह्यशील. नाई सापडली तं जा चांद्याले."

आणि झोपडीच्या भिंतीवर कोळशाने भागाकार सुरू केलेत. तीन, सात, अकरा, तेरा. दर वेळी काहीतरी उरायचंच. मला धाकधूक वगैरे काही नव्हती, मला ठाऊकच होतं. शंभरापर्यंत पाहिलं की पुरे, हेही मी तुम्हाला ऐटीत समजावलं. ओळी शंभराच्या वर गेल्या तर एकेका ओळीतले पुडे शंभराच्या आत येणार, आणि ते आकडे तर आधीच तपासून झालेले.

"अजून दोन पुडे टाकले तं?"

"तरी नाई बसत. एकच टाका, मंग बसते. बहात्तर ओळी, ओळीत एकशे एकोणचाळीस."

तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळलात. मग त्रेचाळीसचा भागाकार झाल्यावर कोळसा टाकून दिलात, हात धोतराला पुसलेत आणि म्हणालात, "जा मंग." पुढचे आकडे तसेच राहिले.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "त्यायनं जन्मात कधी हिशोब अर्धा सोडला नाई. तुह्यासाठीच हारले ते." मला भयंकर राग यायचा. दहा हजार सात काही कुणाच्या दयेने मूळ संख्या झालेली नाही. तुम्ही पुढचे सगळे भाग लावले असते तरी मीच जिंकले असते, हे आजही छातीठोकपणे सांगते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. जन्मभर मी मुलींच्या अर्धवट सिद्धतांवर लाल रेघ मारत आले. आईचं म्हणणं सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही. तरी ते खरं असावं असं मला फार वाटतं, बाबा.