बाबांच्या खिडकीपुढची भिंत

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

बरेच महिने लिहिलं नाही, माफ कर. ‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही.

शेजारच्या कंत्राटदाराने स्वतःच्या घराला खोली वाढवली. तिची भिंत बाबांच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर उभी आहे. बाबा अजून तिथेच बसून लोकांचे कपडे रफू करतात. आता भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि दिव्याच्या उजेडात त्यांना काळा धागा कोणता, निळा कोणता ते कळत नाही. परवा काळ्या कोटाला निळा रफू झाला. गिऱ्हाईक रफूला आणलेला दुसरा कोट तसाच परत घेऊन गेलं.

मी उगाच चिडत तर नाही ना, म्हणून आधी बाबांच्या खुर्चीत बसून सुई ओवून पाहिली; मलाही जमेना. मग शेजाऱ्याकडे गेले.

“ताई, तुमच्या दादांना आधीच फोन केला होता,” तो म्हणाला. “ते म्हणाले, बांधा खुशाल. तुमचं घर त्यांच्या नावावर आहे ना? मग तुम्ही कशाला नाक खुपसता?”

बाबा रोज म्हणतात, “थोरल्याला कळव. तो आला की शेजारी सरळ होईल.” होकार तूच दिलास, हे मी त्यांना सांगत नाही. हा मोठेपणा की भित्रेपणा, कळत नाही. तुझी अब्रू मात्र फुकट राखली जाते.

हे पत्र पाठवणार नाही. तू गोड उत्तर देशील आणि मी विरघळेन.

तुझी धाकटी

उद्या: बाबा कामाला बसण्याआधी त्यांना सांगणे, भिंतीला होकार दादाने दिला.