साडेबारा तासांचं टोरांटो

चि. धनश्रीस,

मी तुझी आजी कलाबाई, सुरत, नवागामची. रविवारी नक्की फोन करते म्हणाली होतीस, त्याला तीन रविवार झाले. म्हणून आधी ओळख सांगितली. पोटातलं बाळ लाथा मारतं का? मारू दे. विसरभोळ्या आईला जागं ठेवायला कोणी तरी हवंच. इकडे सगळे बरे. पत्र तुझी छायाकाकी लिहिते आहे (मध्येच हसते. हसावं, पण शब्द गाळू नये; मला वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येतात).

तू म्हणालीस, टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये विमान बदलून बावीस तास, आजी, तुला एवढं बसवणार नाही. अगं माय, तीस वर्षं मी कापडाच्या कारखान्यात लूमपुढे उभी होते, माझं बसायचंच राहून गेलंय. शिवाय तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागं, हे तूच सांगितलंस. बावीसातून साडेनऊ गेले, उरले साडेबारा. एवढ्यात आपली पॅसेंजर भुसावळला पोचते, वर सिग्नलला झोप काढते. (छाया म्हणते, असा हिशोब नसतो. मग ते मागं गेलेले तास जातात कुठं? विचारलं तर म्हणते, पुढचं सांगा.)

तरी खात्री केलेली बरी, म्हणून मागच्या पंधरवड्यात इथल्या उधना स्टेशनावरून एकटी निघाले. भुसावळ गाठायचं, फलाट ओलांडायचा, परतीची गाडी धरायची. फलाट ओलांडणं म्हणजे तुझं विमान बदलणं. चूक एकच झाली, अमळनेरला माझ्या भावाला, भाऊरावला, कळवलं. आपला माणूस गाडीनं जातोय म्हटल्यावर स्टेशनावर डबा यायलाच हवा, आणि त्यानं तर सगळ्या गोतालाच कळवलं. नंदुरबारला खिचडी, दोंडाईच्याला शेवभाजी, अमळनेरला स्वतः भाऊराव वरणबट्टी घेऊन, जळगावला भरीत. गाडी हलली तरी खिडकीतून वाटी आत येतच होती. शेवभाजीचा रस्सा समोरच्या शेठच्या पांढऱ्या पँटवर सांडला. तो गुजरातीत बोलला ते छाया लिहीत नाही. पण नंतर त्यानं तीन बट्ट्या खाल्ल्या. माझा मात्र गुडघासुद्धा दुखला नाही.

तेव्हा ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. तुझी आई गेल्यापासून माहेर म्हणजे मीच. तुला येता येत नाही, तर माहेर उठून तिकडं येईल.

तुला आणि पोटातल्याला आशीर्वाद.

कलाबाई (अंगठा)

ता. क. छाया हे लिहिल्याशिवाय पेन ठेवत नाही: परतीच्या गाडीतून मी अमळनेरलाच उतरले आणि भाऊरावकडे चार दिवस गुडघे शेकत पडले. ते प्रवासानं नव्हे, बट्ट्यांनी.

ता. क. पासपोर्ट आलाय. व्हिसाला तुझं बोलावण्याचं पत्र लागतं. दोनदा सांगितलं, दोनदा विसरलीस (का मुद्दाम?). बोलावल्याशिवाय मी शेजारी जेवायलाही जात नाही. तेवढं लगेच पाठव.

ता. क. विमान बदलायचं त्या गावी आपलं कोणी नाही, हीच एक काळजी. तुझ्या ओळखीचं कोणी असेल तर त्याच्या हाती डबा पाठव. खिडकी उघडत नाही म्हणे, तर दाराशी उभं राहायला सांग. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, लसणाची चटणी, वर कांदा. बट्ट्या नकोत.