दहा दंताळी

३ जून, मंगळवार

डेलने माझे मासेमारीचे वळण भिंतीवर टांगले आहे!

नदीवरून परतताना नेहमीप्रमाणे तिच्या ब्रुअरीत शिरलो. माझा बिअरचा मग खिळ्यावर होता, क्रमांक चौदा. फळ्यावर नवी बिअर — 'जुने दंताळे'. खाली चित्र. दुहेरी बुंध्याचे कॉटनवुडचे झाड, डावीकडे वळणारे पाणी, आणि काठात अर्धे रुतलेले, घोड्यामागे जोडायचे लोखंडी गवत-दंताळे. दात मोजले. उजवीकडून चौथा वाकलेला. शंकेला जागा नाही.

"कशी वाटली, सर?" डेलने विचारले. वीस वर्षांपूर्वी ती माझ्या वादविवाद मंडळात उत्तरपक्ष मांडत असे, आणि वाईट मांडत असे.

"कडवट."

"बिअर की चित्र?"

चार जुलैला हेच चित्र बिअरच्या डब्यांवर छापून साऱ्या मोंटानाभर जाणार आहे म्हणे.

४ जून, बुधवार

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.

ते वळण मला १९७४ साली सापडले. बायकोला, इन्ग्रिडला, एकदाच दाखवले. काठावर उभे राहून तिने शपथ घेतली, कोणालाही सांगणार नाही. मग म्हणाली, "मला मात्र परत आणू नकोस. माशांचा वास सहन होत नाही." आणली नाही. माझे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. तिचा दिवस रविवार — चर्चला एकटीच जायची, कारण परमेश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता मला कधी पुरेशी वाटली नाही.

एकावन्न वर्षांत त्या वळणावर मला एकही माणूस भेटला नाही. ती गेली त्यालाही तीन वर्षे झाली. आमच्यात जे काही अभंग उरले, ते एवढेच — ती शपथ आणि ते पाणी.

एकच अपवाद. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी पकडून सोडून दिलेल्या एका तपकिरी ट्राउटच्या ओठात कोणाची तरी माशी अडकलेली होती. गळावर पिसे-धागे गुंडाळून करतात ती, पिवळ्या लोकरीची. वरून वाहत आलेला मासा असावा, असे तेव्हा ठरवले. पुरावा म्हणून माशी मेजाच्या खणात ठेवली आहे.

६ जून, शुक्रवार

उभयतःपाश. हरकत घेतली, तर जागा खरी आहे हे मीच सिद्ध करतो. गप्प राहिलो, तर डबे छापले जातात आणि शहरी मंडळी रबरी ट्यूबांवर बसून, बिअरच्या पेट्या दोरीने मागे ओढत, थेट माझ्या ट्राउटच्या डोक्यावर येऊन थांबतात. तिसरा पर्याय नाही.

या गावात "मासा कुठे मिळाला?" या प्रश्नाचे सभ्य उत्तर "पाण्यात" असे आहे. अधिक विचारणाऱ्याला खोटे सांगतात, आणि तोही ते खोटे समजूनच ऐकतो. हरकत घेणे हे या गावात खरे बोलणे ठरेल. अशक्य.

७ जून

तिसरा पर्याय आहे!

चित्र खोडून काढता येत नाही. पण चित्र ज्याकडे बोट दाखवते ती वस्तू वाढवता येते. दंताळी दोन झाली, की चित्राने काहीच सिद्ध होत नाही.

१० जून, मंगळवार

भंगारवाल्याकडे गेलो. व्हर्नन तिथे आधीच! शेजारचा गुरेवाला, साठ वर्षांचा मित्र. बुधवारी सकाळी डेलकडचे बिअरचे उरलेले धान्य गाईंच्या आंबोणासाठी नेतो, आणि दर बुधवारी गुडघ्यापर्यंत भिजून का येतो हे मला कधी उलगडलेले नाही. पिंपे गळतात म्हणतो.

त्याच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी होते. लोखंडी दात बाहेर आले होते.

"अंगणात मांडायला," तो म्हणाला. "शोभेला. तू रे, मास्तर?"

"मीही. अंगणात."

"तुझ्या अंगणात पाच वर्षं गवत कापलेलं नाही."

"म्हणूनच दंताळे हवे."

त्याने ताडपत्री ओढून दात झाकले. भंगारवाला मात्र हसत होता. "या उन्हाळ्यात सगळ्या गावालाच अंगणाची हौस आलीय!"

१२ जून

पहाटे दंताळे पिकअपला जोडून वळणापासून तीन मैल खाली ओढत नेले. उथळ, दगडाळ, मासा औषधालाही मिळणार नाही अशी जागा निवडली. चौथा दात हातोड्याने वाकवला. कंबर गेली. समाधान अपार.

१८ जून, बुधवार

डेलच्या खिडकीशी नदीचा नकाशा न्याहाळत एक शहरी जोडपे बसले होते. "आम्हाला दंताळं सापडलं!" बाई म्हणाली. "पुलाच्या वर."

पुलाच्या वर मी काहीही ठेवलेले नाही.

२१ जून

स्वतः पाहून आलो. पुलाच्या वर एक. व्हर्ननच्या कुंपणामागे एक. वाळूच्या बेटावर एक, चक्क रंगवून गंज चढवलेले. सगळ्यांचा उजवीकडून चौथा दात वाकलेला.

२७ जून, शुक्रवार

मासेमारी खात्याचा रक्षक ट्रास्क नावेतून मोजून आला. दहा! एका दंताळ्याने सहा ट्यूबा फाडल्या आणि सहा प्रवासी व्हर्ननच्या गाईंमध्ये पोहण्याच्या कपड्यांत अर्धा दिवस उभे राहिले. त्यांना ते फार आवडले. आता लोक दंताळी पाहायलाच येतात. एकीने मला काठावर अडवून विचारले, या शिल्पांचा कर्ता कोण?

"समाज," म्हणालो.

लोकांना दुसरीकडे वळवण्यासाठी जे केले, त्यानेच गर्दी आली. माझे अनुमान निर्दोष होते. गृहीतक एक चुकले. हे एकट्यालाच सुचेल, असे मानले होते.

माझ्या वळणावर अजून कोणी पोचलेले नाही. फक्त अजून.

१ जुलै, मंगळवार

परवा ब्रुअरीत सुनावणी. चित्र डब्यावर राहावे की नाही, आणि दंताळी कोणाची. अध्यक्ष मी! डेल म्हणाली, "सर, या गावात तुमच्याइतका तटस्थ माणूस दुसरा कोण?"

तटस्थ! नकाराला कारण द्यावे लागले असते. होकार दिला.

३ जुलै, गुरुवार

घडले ते क्रमाने लिहितो.

वेळ सहाची. कायद्याने माणशी तीन ग्लास आणि आठला दिवे बंद, त्यामुळे निकालाला दोन तास होते.

ट्रास्कने साधी सूचना मांडली. "ज्याचं दंताळं, त्यानं ते उचलावं. दंड नाही, काही नाही."

कोणी हलले नाही. कारण मला तत्काळ कळले. जो आपले उचलील, तो ती जागा खोटी असल्याचे कबूल करील. नऊ जणांनी कबूल केले, की दहावी आपोआप खरी ठरते. सगळे जण ग्लासात पाहत होते. अध्यक्षही.

"मग नऊ लोक एकाच वेळी वेडे झाले का?" ट्रास्क ओरडला.

"अंगणाची हौस," मागून कोणीतरी म्हणाले.

डेल कावली. "अहो, ते चित्र कल्पनेतलं आहे! ब्रुअरी उघडली तेव्हा इन्ग्रिडबाईंनी भेट दिलेलं. मूळ चित्र आणते, थांबा."

इन्ग्रिडने! तिने चित्र काढले हे मला ठाऊक नव्हते. तिने शपथ मोडली हेही. मी अध्यक्षाच्या हातोडीऐवजी बिअरचा मग आपटला. काही बोलायचे होते म्हणून नव्हे.

डेलने चित्र आणले. ट्रास्कने तारीख शोधायला त्याची चौकट उघडली. मागे कागद चिकटवलेला, तिच्या ताठ अक्षरात. वेळापत्रक. सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ. बुधवार, गुरुवार, शनिवारही तसेच. आठ जागा, आठ नावे. 'बुधवार सकाळ — व्हर्नन.' मंगळवार आणि शुक्रवार, दिवसभर, माझे नाव: 'सेल्मर. कोणीही फिरकू नये. त्याला कळू देऊ नये.' रविवार: 'कोणीही नाही.'

ट्रास्कने ते मोठ्याने वाचले. आठही जण खोलीत होते. त्यांनी प्रथम एकमेकांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मला म्हणाली होती, फक्त तुला सांगतेय," व्हर्नन पुटपुटला.

"मलाही," चर्चचा वादक म्हणाला.

"मलाही!" पोस्टमास्तरीण म्हणाल्या.

मी निकाल दिला. चित्र डब्यावर जाणार नाही. दंताळी दहाही जागेवर राहतील. ट्रास्कने कारण विचारले. एकूण कारकिर्दीत प्रथमच कारण दिले नाही. आठ वाजले.

४ जुलै, शुक्रवार

माझा वार. गेलो. कोणी नव्हते. एकावन्न वर्षांचा एकांत आठ जणांनी सांभाळलेला होता, हे ठाऊक असताना गळ टाकणे कठीण जाते.

८ जुलै, मंगळवार

व्हर्नन चित्र घेऊन दारात. डेलने पाठवले.

"रागावलास, मास्तर?"

"तिने का सांगितले असावे, याचा विचार करतो आहे."

"माझी गुरं मेली त्या हिवाळ्यात सांगितलं तिनं मला. म्हणाली, पाण्याजवळ बसून ये. बाकीच्यांचंही असंच काहीतरी असणार. तू तर कोणाला विचारलं नसतंस." त्याने चित्र दाराशी टेकवले. "ती गेल्यावरही आम्ही तुझे वार पाळले हां. रविवारसुद्धा कोणी घेतला नाही."

"रविवार तिने चर्चसाठी मोकळा ठेवला असणार."

"चर्चसाठी?" व्हर्ननने टोपी काढली, परत घातली. "हो. असेल बाबा."

त्याला खोटे नीट बोलता येत नाही. या गावात हा दोषच.

१२ जुलै

चर्चच्या वादकाला विचारले. इन्ग्रिड कोणत्या बाकावर बसत असे? तो म्हणाला, "पाण्यात."

१३ जुलै, रविवार

तिची चर्चची पिशवी तीन वर्षे खुंटीवर होती, तशीच. आज उघडली. स्तोत्रांचे पुस्तक नाही. पत्र्याची डबी, आत ओळीने लावलेल्या गळाच्या माश्या. सगळ्या पिवळ्या लोकरीच्या.